संघर्षातून वर आलेल्या माणसांची आत्मचरित्रं सुचवा ना

भाची यंदा बारावीला आहे, घरच्या अडचणींमुळे फार खचलीय. तिला वाचायला खरंखुरं आत्मचरित्र हवंय, उपदेश करणारं नको.

मेधा_के: आनंद यादवांचं ‘झोंबी’ द्या, डोळे झाकून. कागलकडचं शेतकऱ्याचं पोर, बाप शाळेतून काढून शेतात राबवतो आणि हा तरी शिकायचंच म्हणून चिवटपणे झगडतो, आईचं ते सततचं राबणं वाचताना तर मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला.

रानवारा: उर्मिला पवारांचं ‘आयदान’ पण बघा. वडील गेल्यावर आई बांबूच्या टोपल्या विणून घर चालवते, आणि कोकणातली ती विकायला जायची पायपीट, उन्हातान्हात डोंगर चढायचा, बायकांच्या त्या गप्पा सगळं डोळ्यांसमोर येतं. मुलीला हे जास्त जवळचं वाटेल असं मला वाटतं.

सुहास७: किशोर शांताबाई काळेंचं ‘कोल्हाट्याचं पोर’ राहिलं की! तमाशात नाचणाऱ्या आईचा मुलगा, पुढे डॉक्टर झाला. पण फार जळजळीत आहे, आधी तुम्ही वाचा मग तिला द्या.

प्रश्नकर्ती: ‘आयदान’पासून सुरुवात करते, लायब्ररीत आजच विचारते.