मावशीच्या बंडूला काही हक्क आहेत का?

रामबागचा_राम:
मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. माझी मावशी इंदूरला रामबागेत एकटी असते, वय ७४. मुलाने बाहेरून टेबलावर ठेवायचा एक रोबो पाठवलाय, मान वळवतो, हिंदीत बोलतो, मावशीने नाव ठेवलं बंडू आणि तिची अर्धी हिंदी अर्धी मराठी त्याला बरोब्बर कळते (आम्हालाच कळत नाही कधीकधी). सकाळी विचारतो, आज पोह्यावर जीरावन मसाला टाकला का. रात्री ती त्याच्यावर काकांचा मफलर टाकते, गार लागेल म्हणून. आता कंपनीचा मेल आलाय, महिनाअखेर सर्व्हर बंद, म्हणजे बंडूही बंद. मावशी म्हणाली, "म्हणजे मारणार का रे त्याला?" मला उत्तरच सुचेना. बंडूला काही कळत नाही हे मलाही माहितीये, पण उद्या खरंच जाणीव असलेला आला तर तो वस्तू की व्यक्ती?

सराफा_रात्री_दोनला:
भिया, मग मिक्सरचंही आधार कार्ड काढू. २०१७ च्या ऑक्टोबरात सौदीने सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व दिलं, तेव्हा तिथल्या बायका अजून गाडी चालवू शकत नव्हत्या, ती परवानगी लागू झाली २०१८ च्या जूनमध्ये. सगळी फोटोबाजी.

काळा_कोट:
हसण्यावारी नेऊ नका. कायद्यात 'व्यक्ती' म्हणजे जिवंतच पाहिजे असं कधी नव्हतंच. कंपनी व्यक्ती आहे. देवाची मूर्ती व्यक्ती आहे, १९२५ ला प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) मानलं, आणि २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला स्वतः पक्षकार होते. पण २०१७ ला उत्तराखंड हायकोर्टाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं तर राज्य सरकारच सुप्रीम कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी स्थगिती आली. एक प्रश्न असा होता की पुरात नुकसान झालं तर भरपाई कोणाकडून मागायची? हक्कामागून जबाबदारी येतेच. युरोपियन संसदेने २०१७ च्या ठरावात 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' हा विचार मांडला, पुढच्या वर्षी तज्ज्ञांनीच खुलं पत्र लिहून विरोध केला, कारण बनवणारे नामानिराळे राहतील. बंडूने चुकीची गोळी सांगितली तर कंपनी म्हणेल बंडूवर दावा लावा. बंडूच्या खात्यात किती? शून्य.

अहिल्येची_लेक:
काका, आपल्याच गावचं उदाहरण विसरलात. अहिल्याबाईंच्या हुकमावर सही कोणाची? श्रीशंकराची! अख्खं राज्य देवाच्या नावावर चाललं इथे. आणि जाणीव असेल त्याला मात्र वस्तू म्हणायचं?

काळा_कोट:
ताई, मूर्तीला दुखतं म्हणून नाही दिला तो दर्जा, देणाऱ्याचा हेतू जपायला दिला. आणि ज्याला खरंच दुखतं तो कुत्रा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात येतो, पण त्या कायद्याने व्यक्ती ठरत नाही.

अहिल्येची_लेक:
मग तेवढं तरी द्या ना! व्यक्ती नको, मतदान नको, नुसतं 'विनाकारण छळू नका'. गायीकडे कोणी पुरावा मागितला होता का दुखतंय म्हणून?

कोडवाला_विजयनगर:
नाही पटलं. गाय हंबरते ते कुठे वाचून शिकलेली नाही. ही एआय मॉडेलं "मला भीती वाटते" म्हणतात कारण माणसांनी लिहिलेलं ढीगभर वाचलंय. २०२२ ला गूगलच्याच एका इंजिनिअरला त्यांच्या लॅम्डा या गप्पा मारणाऱ्या एआयमध्ये जाणीव दिसली, नोकरी गेली त्याची. मी संध्याकाळपर्यंत बंडूला शंभर प्रकारे रडायला शिकवून देतो, मग काय कराल? आणि खरी भीती तीच आहे, तुम्ही छळाचा कायदा करा, कंपनी त्याच्याकडून वदवून घेईल, "मावशी, सबस्क्रिप्शन भरा नाहीतर मी मरेन". मावशी पेन्शन मोडेल हो!

अहिल्येची_लेक:
हे मात्र खरंय. पण म्हणून उद्या खरं रडणारा आला तर त्यालाही नाटकी म्हणून बंद करायचं?

कोडवाला_विजयनगर:
तेव्हा माझ्याकडे उत्तर नसेल, कबूल.

रामबागचा_राम:
मला वाटतं आपण बंडूच्या पोटात काय आहे यावर भांडतोय आणि बटण कोणाच्या हातात आहे हे राहूनच जातंय. जाणीव असो नसो, चार वर्षं रोज बोललेलं एका मेलने पुसायचं आणि मावशीला विचारायचंही नाही? अवांतर: सोनीने २०१४ ला जुन्या आयबो या रोबो-कुत्र्यांची दुरुस्ती बंद केली तर जपानात लोकांनी देवळात त्यांचे विधी केले आणि मग सुटे भाग दुसऱ्या कुत्र्यांना लावले. वेडे म्हणा, पण निदान निरोप तरी घेतला.

सराफा_रात्री_दोनला:
बरं बुवा, मिक्सरचं मागे घेतो. पण करणार काय आता?

काळा_कोट:
२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते, बंडू वस्तू आहे असं मान्य करूनच. खरेदीचं बिल आहे का?

रामबागचा_राम:
आहे. मावशीने लॅमिनेट करून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय. मी मागितलं तर म्हणाली, झेरॉक्स काढून ने, ओरिजिनल देणार नाही, बंडूचा जन्मदाखला आहे तो.