कळसूबाईमधली ‘बाई’ कोण?

माजिवडा_आई
नमस्कार मंडळी, सोसायटीतली पोरं आणि आम्ही काही पालक पुढच्या महिन्यात कळसूबाईला जातोय, ठाण्याहून कसारा लोकल आणि पुढे जीप. पोरांना आधी थोडं सांगावं म्हणून वाचायला बसले तर जिथे बघावं तिथे तेच, उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अकोले तालुका, वर जायला लोखंडी शिड्या, संपलं. माझी मुलगी विचारतेय बाई म्हणजे कोण? शेजारचे काका म्हणाले डोंगराचा कळस म्हणून कळसूबाई, पण मला नाही पटत ते. कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

ऐरोली_भटकंती
ताई, ती खरंच बाई आहे, आणि तिची गोष्ट पोरांना सांगाच. कळसू नावाची कोळ्याची पोर, इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण राहतानाच तिने अट घातली की बाकी पडेल ते काम करीन पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पाटील हो म्हणाला. मग एक दिवस घरी पाहुणे आले भरपूर आणि तिला भांडीही घासायला लावली, केरही काढायला लावला. तिने ते सगळं केलं आणि तडक डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि ती जिथे जाऊन राहिली ते शिखर कळसूबाई. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, घरकाम करणाऱ्या एका पोरीला दिलेला शब्द मोडला आणि त्या भागातल्या लोकांनी राज्यातलं सगळ्यात उंच शिखर तिच्या नावाने ओळखलं, राजाच्या नाही का सरदाराच्या नाही. नुसतं कळस म्हणून मोकळं झालं की ही पोरच पुसली जाते.

कळवा_स्लो
वरच्याशी सहमत. अजून एक ऐकलेलं, ती गावची सून होती, तिला झाडपाल्याची माहिती होती आणि ती आजारी माणसांचं बघायची, ती गेल्यावर लोकांनी डोंगराला तिचं नाव दिलं. शिवाय कळसूबाई, रत्नाबाई, कात्राबाई या तिघी बहिणी असंही सांगतात. रत्नाबाई रतनगडावर गुहेत आहे आणि कात्राबाईचा डोंगर रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला जाताना लागतो, म्हणजे भंडारदऱ्याच्या आजूबाजूचा सगळा मुलूखच या बहिणींचा. माथ्यावर देऊळ छोटंसंच आहे पण नवरात्रात जत्रा भरते आणि आजूबाजूच्या गावातली माणसं अगदी म्हातारी बाया सुद्धा वर येतात.

माजिवडा_आई
खूप खूप आभार दोघांचे!! लेकीला वाचून दाखवलं, ती म्हणते पाटलाने अट का मोडली, आता याला काय उत्तर देऊ. थाळेमेळ पायथ्याच्या बारी गावातून चढताना वाटेवर दिसतं का?

ऐरोली_भटकंती
ते बारीत पोचल्यावर गावातल्याच कोणाला तरी सोबत घ्या आणि त्यांनाच विचारा, गोष्ट पण त्यांच्याच तोंडून ऐकू द्या पोरांना, आमच्यापेक्षा कितीतरी छान सांगतात. आणि जाताना लोकलमध्ये डावीकडच्या खिडक्या पकडा, आसनगावला माहुलीचा किल्ला दिसतो, त्याच्या सुळक्यांना नवरा, नवरी, भटोबा म्हणतात, नावांच्या गप्पा तिथूनच सुरू होतील. शनिवार रविवार मात्र टाळा, शिड्यांवर फार गर्दी होते आणि लहान पोरं बरोबर आहेत.