‘मिशनरी दांपत्य’ की ‘मिशनरी व त्यांची पत्नी’?

प्रश्न : अमेरिकेतून ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी ब्रह्मदेशात गेलेल्या अदोनीराम आणि अ‍ॅन जडसन यांच्यावर टिपण लिहिते आहे. ‘धर्मोपदेशक जडसन व त्यांच्या पत्नी’ असं लिहिलं की बाई नुसत्या सोबतीला गेल्यासारख्या वाटतात. ‘मिशनरी’ बाईला चालतो का?

— चालतो की. मिशनरी आला, मिशनरी आली; लिंग क्रियापद सांगतं. ‘मिशनरीण’ मात्र टाळा. मास्तरीण म्हणजे शिकवणारी की मास्तरांची बायको, तोच घोळ इथेही होईल.

— ‘पाद्री’ तर नकोच, तो दीक्षा घेतलेला पुरुष. ‘धर्मोपदेशक’सुद्धा तोकडा पडतो, कारण अ‍ॅनबाईंचं बरंचसं काम उपदेशाचं नव्हतंच. १८१३ साली रंगूनला उतरल्यावर दोघंही बर्मी शिकले. बायबलातली दानीएल आणि योना ही पुस्तकं बाईंनी बर्मीत आणली, मत्तयचं शुभवर्तमान सयामीत (म्हणजे थाई भाषेत). १८२४ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं आणि नवरा तेव्हाची राजधानी आवा इथल्या तुरुंगात पडला, तेव्हा अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवणं, जेवण पोचवणं, बायबलच्या भाषांतराचं हस्तलिखित उशीत दडवणं, सगळं त्यांनीच केलं. १८२६ मध्ये त्या वारल्या. ‘मिशनरी’च लिहा, दोघांनाही.

— थोडं अवांतर. जडसन ज्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या तुकडीतले, त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सपत्नीक सॅम्युअल नॉट १८१३ मध्येच मुंबईला आले. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात तिथली.

प्रश्नकर्ती : आभार! आणखी एक. जडसननी बांधलेल्या ‘झयात’ला काय म्हणू? चर्च?

— नको. झयात म्हणजे वाटसरूंनी टेकायची उघडी, छपराची जागा. बौद्ध लोक पुण्य म्हणून ती बांधतात, तिथे प्रवचनंही होतात. जडसननी १८१९ मध्ये पॅगोड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तशीच उभारली. त्याच वर्षी माउंग नाऊ या बर्मी माणसाचा बाप्तिस्मा झाला, सहा वर्षांतला पहिला. ‘धर्मशाळा’ जवळचा शब्द, पण आपल्याकडे तिथे मुक्काम आठवतो, प्रवचन नाही. ‘झयात’ ठेवून एकदा अर्थ द्या.

— खरी पंचाईत ‘देव’ या शब्दाची. बर्मीत ‘फया’ म्हणजे बुद्ध, पॅगोडाही फया, भिक्खूला हाकही तीच. बर्मी ख्रिस्ती ‘फया-तखिन’ म्हणतात. तखिन म्हणजे धनी, स्वामी. त्यामुळे टिपणात ‘त्यांनी बर्मी लोकांना देवाबद्दल सांगितलं’ असं सरळ लिहू नका. ऐकणाऱ्याच्या मनात निर्माता देव नव्हताच. ‘सार्वकालिक जीवन’ही तसंच. आपल्या चर्चमध्ये तो आश्वासक शब्द आहे; जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटू पाहणाऱ्याला कायमचं जीवन ही बक्षिसी वाटेलच असं नाही.

प्रश्नकर्ती : हे डोक्यात आलंच नव्हतं, तो परिच्छेद बदलते. नाव ‘अ‍ॅडोनिरॅम’ लिहू की अदोनीराम?

— अदोनीराम. मराठी बायबलात, शलमोन राजाच्या कारभाऱ्यांत, ते आधीच आहे.