एफएए फ्लाइट रिव्ह्यूची मुदत संपत आलीय, घरून काय तयारी करता येईल?

देवगिरी_१७२
नमस्कार मंडळी. माझ्याकडे अमेरिकेचं प्रायव्हेट पायलट लायसन्स आहे. सध्या छत्रपती संभाजीनगरला घरी आहे, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टेक्सासला परत जाणार. एफएएचा (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) फ्लाइट रिव्ह्यू, म्हणजे दर दोन वर्षांनी इन्स्ट्रक्टरबरोबर करायची उजळणी, मागच्या वेळी १४ जून २०२४ ला झाली. वर्षभर विमान हातात नाही, तिथे सेसना १७२एस भाड्याने मिळतं.
मुदत १४ जूनला संपते की महिनाअखेरीस? समाधानकारक झालं नाही तर नापासाची नोंद होते का? आणि इथे बसून नेमका कशाचा अभ्यास करू?

मांजराकाठ_सीएफआय
मुदत महिन्यावर चालते. एफएएच्या नियमांतल्या कलम ६१.५६ मध्ये २४ कॅलेंडर महिने आहेत, म्हणून तुमचा रिव्ह्यू ३० जून २०२६ पर्यंत चालेल. १ जुलैपासून एकट्यानेसुद्धा पीआयसी (विमानाचा जबाबदार पायलट) म्हणून उडता येणार नाही. मात्र मुदत उलटली तरी रिव्ह्यूचं उड्डाण करता येतं, कारण तेव्हा पीआयसी इन्स्ट्रक्टर असतो.

नापास हा प्रकारच नाही. किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत, पुढचं इन्स्ट्रक्टरच्या समाधानावर. समाधान झालं नाही तर लॉगबुकात ते उड्डाण साधं प्रशिक्षण म्हणून लिहितात आणि पुन्हा उडतात. वर्षाचा खंड आहे, तेव्हा दोन-तीन उड्डाणं धरूनच वेळ आणि पैसा काढून ठेवा. एका तासात सही हवी असा हट्ट धरू नका. कुठे हात बसत नाही ते इन्स्ट्रक्टरला आधीच लिहून कळवा, त्यावरच रिव्ह्यूचा आराखडा बेतता येतो.

जमिनीवरच्या तासात विमानाची कागदपत्रं हमखास विचारतात. वार्षिक तपासणी १२ महिन्यांत, ट्रान्सपाँडर (रडारला ओळख देणारं यंत्र) २४ महिन्यांत, ईएलटी (अपघातात संकेत पाठवणारं यंत्र) १२ महिन्यांत. व्हीएफआरला (बाहेर बघून उडण्याच्या नियमांत) इंधनाचा राखीव साठा दिवसा ३० मिनिटांचा, रात्री ४५. वर्ग ई हवाई क्षेत्रात दहा हजार फुटांखाली दृश्यमानता ३ मैल, ढगापासून ५०० फूट खाली, १००० वर, २००० बाजूला. मेडिकलची (वैद्यकीय प्रमाणपत्राची) मुदत वेगळी मोजतात, तीही बघून घ्या.

सही झाली म्हणजे लगेच प्रवासी बसवता येतात असं नाही. त्यासाठी मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात. रिव्ह्यूत तुम्ही स्वतः हाताळलेली त्यात धरता येतात.

उजनी_पट्टा
हवेतलं थोडं सांगतो. खंड पडल्यावर सगळ्यात आधी गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) बिघडतं. फ्लॅप (पंखामागच्या झडपा) पूर्ण खाली, ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी सोय) लँडिंगसाठी नाक-वर लावलेलं, त्यात पूर्ण पॉवर दिली की नाक एकदम वर उसळतं आणि वेग पडतो. म्हणून थ्रॉटल देतानाच योक (हातातलं सुकाणू) पुढे दाबून धरा, उजवा रडर (शेपटीच्या सुकाणूचं पेडल) द्या. फ्लॅप लगेच २० अंशांवर घ्या, ६० नॉटने चढा, मग १०, अडथळे मागे पडून सुरक्षित उंची मिळाली की शून्य. एकदम सगळे फ्लॅप उचलले तर विमान खाली बसतं. हा क्रम इथे खुर्चीत बसून, हात हलवून, तोंडाने म्हणत रोज करा. सिम्युलेटर नसलं तरी अडत नाही.

दुसरं, बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेत) वळताना रेषा ओलांडली गेली तर बँक (पंखांचा कल) वाढवण्याची भीती वाटते आणि पाय आपोआप आतला रडर दाबतो. विमान स्किड होतं (बाहेरच्या बाजूला घसरतं), त्यात नाक ओढलं की आतला पंख आधी स्टॉल होतो (उचल गमावतो), आणि तेवढ्या उंचीवर स्पिनमधून (गरगरत पडण्यातून) बाहेर यायला जागा नसते. रेषा चुकली तर सरळ गो-अराउंड.

स्टीप टर्न (तीव्र वळण) ४५ अंशांचा, उंची १०० फुटांत आणि वेग १० नॉटमध्ये धरायचा. तिथे भार १.४१ जी (वजनाच्या १.४१ पट) होतो, स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो.

देवगिरी_१७२
मनापासून आभार दोघांचे. डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) मात्र दरवेळी घोळ घालतं. टेक्सासच्या उन्हाळ्यात ते विचारणारच.

मांजराकाठ_सीएफआय
मग सराव चिकलठाण्यावरच करा, दादा. विमानतळाची उंची साधारण १९०० फूट. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००५ हेक्टोपास्कल धरा, म्हणजे प्रमाण १०१३ पेक्षा ८ कमी. दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड (दाबानुसार उंची) २१४०. त्या उंचीचं प्रमाण तापमान सुमारे ११ अंश, मे महिन्यातलं बाहेरचं ४०. फरक २९, दर अंशाला १२० फूट म्हणजे ३४८०. बेरीज साधारण ५६००. आता पीओएचच्या (विमानाच्या माहितीपुस्तिकेच्या) टेकऑफ तक्त्यात प्रेशर अल्टिट्यूड आणि तापमान घालून धाव काढा. तिथे चूक अशी होते की हे ५६०० प्रेशर अल्टिट्यूडच्या जागी धरतात आणि तापमान दुसऱ्यांदा मोजलं जातं. फायनलवर इंडिकेटेड (यंत्रावर दिसणारा) वेग नेहमीचाच ठेवा. खरा वेग ९ टक्क्यांनी जास्त असल्याने जमीन वेगाने मागे जाताना दिसते आणि माणूस नकळत वेग कमी करतो.

उजनी_पट्टा
एक राहिलं. इंजिन बंदचा सराव होईल तेव्हा ६८ नॉट पकडा आणि शेत निवडताना माती बघा. टेक्सासचा ब्लॅकलँड पट्टा आपल्या काळ्या रानासारखाच आहे. पाऊस पडून गेला असेल तर चाक रुततं आणि विमान नाकावर पालथं होतं. वाऱ्याचा थोडा तोटा सोसून सरीच्या दिशेनेच उतरा, आडवं नको. फ्लॅप पूर्ण, वेग जमेल तितका कमी, आणि टेकल्यावर योक मागे ओढून नाकाचं चाक शक्य तितका वेळ वर ठेवा. टेकण्याआधी दरवाजाची कडी उघडून ठेवायला विसरू नका.