महिन्याला नऊ हजारांच्या इन्स्टा जाहिराती करतोय पण हातात काही उरत नाही, बंद करू की बजेट वाढवू?

कोकमवाली_कुडाळ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला कोण कसा देणार.

आमचं घर कुडाळपासून थोडं आत. रातांब्याची म्हणजे कोकमाची झाडं घरची आहेत आणि शेजारच्या दोन बागा दरवर्षी घेतो. आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), आमसुलं (वाळवलेली सालं), अमृत कोकम (सरबताचा गोड पाक) आणि थोडं कुळथाचं पीठ, एवढंच विकतो. आधी ओळखीपाळखीत आणि मे महिन्यात गावी येणाऱ्यांना द्यायचो, दीड वर्षापूर्वी वेबसाइट काढली. गोवा, बेंगळुरूहून ऑर्डरी यायला लागल्या तेव्हा जीएसटी नंबर पण घेतला, कारण सीए म्हणाले माल राज्याबाहेर जाणार असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नंबर लागतोच.

आता आकडे. गेल्या महिन्यात इन्स्टा-फेसबुकच्या जाहिरातीला ९००० घातले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १६२० वेगळे. त्यातून ४१ ऑर्डरी आल्या. २९ कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या, त्यातल्या ९ परत आल्या, कोणी फोन उचलला नाही, कोणी दारात नको म्हणालं. सरासरी ऑर्डर जीएसटी वगळून ५६० ची. त्यात मालाचा खर्च २४०, पॅकिंग ४०, कुरिअर ९५, पेमेंटचा चार्ज १३. माल परत आला की कुरिअरवाले ८० आणखी घेतात.

एक एजन्सी मागे लागलीय. त्यांचं म्हणणं बजेट कमी म्हणून रिझल्ट नाही, महिन्याला २५ हजार जाहिरातीला घाला आणि १२ हजार आमची फी. मिस्टर म्हणतात जाहिरात बंदच कर आणि मोठ्या साइटवर माल लाव. मला खरंच कळत नाहीये, रात्री झोपताना पण हेच डोक्यात असतं. घरच्या पाच माणसांचं काम आहे हे, आणि सालं काढायला येणाऱ्या चार बायकांचा रोज पण ह्यातूनच निघतो, म्हणून चुकीचा निर्णय परवडणार नाही.

हिशेबनीस_पुणे

ताई, आकडे दिलेत हे फार चांगलं केलंत, निम्मे लोक नुसतं "ऑर्डर येत नाही" एवढंच लिहितात.

५६० मधून माल, पॅकिंग, कुरिअर, पेमेंट असे ३८८ गेले की तुमच्या हातात १७२ राहतात. हा आकडा एका कागदावर लिहून पॅकिंगच्या टेबलावर चिकटवा, कारण जाहिरातीचा प्रत्येक निर्णय ह्या १७२ शी ताडून बघायचाय.

आता जाहिरातीची बाजू. तुम्ही १०६२० ला ४१ ने भागत असाल, म्हणजे २५९ ला एक ऑर्डर. पण पैसे मिळाले ३२ चेच. शिवाय परत आलेल्या ९ वर जायचं कुरिअर ९५, यायचं ८० आणि पॅकिंग ४० असे २१५ प्रत्येकी गेले, ते १९३५. सगळं मिळून १२५५५, भागिले ३२ म्हणजे ३९२. एक नवीन गिऱ्हाईक आणायला ३९२ लागतात आणि त्याच्याकडून सुटतात १७२, पहिल्या ऑर्डरीला २२० खिशातून गेले. परत आलेली बाटली पुन्हा विकता येते की नाही ते तर मी धरलेलंच नाही.

एजन्सीचं घ्या. ह्याच दराने ऑर्डरी आल्या असं मानलं तरी २५ हजारांत साधारण ८९ पार्सलं पोचतील, त्यावर १२ हजार फी म्हणजे प्रत्येक ऑर्डरीमागे आणखी १३५. बजेट वाढवलं की दर कमी होतो असं ते म्हणत असतील तर ते लेखी मागा, किती दिवसांत किती होईल ते.

पहिल्या ऑर्डरीला तोटा होणं हे काही पाप नाही, खाण्याच्या वस्तूत तर ते चालतं, कारण बाटली संपते आणि माणूस परत मागवतो. म्हणून माझा एकच प्रश्न, आजपर्यंतच्या गिऱ्हाइकांपैकी परत किती आले?

कोकमवाली_कुडाळ

दादा, हे असं मांडून कधी बघितलंच नव्हतं मी. आत्ताच मोजून काढलं, वेबसाइटवर एकूण १९२ जणांनी घेतलंय, त्यातले ५४ एकदा तरी परत आले. बाकी १३८ पुन्हा फिरकले नाहीत.

जाहिरात_डेस्क

मी सहा-सात वर्षं छोट्या धंद्यांच्या जाहिराती चालवतेय, म्हणून दोन-तीन गोष्टी.

पहिलं म्हणजे तुमच्या ॲड अकाउंटच्या बिलिंगमध्ये जीएसटी नंबर भरलाय का? नसेल तर आज भरा. तुम्ही रेग्युलर जीएसटीत आहात, त्यामुळे ते १६२० इनपुट क्रेडिटमध्ये घेता येतील, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतील, सीएंना बिलं द्या फक्त. मग वरच्या हिशेबातले ३९२ चे ३४२ होतात आणि तोटा २२० चा १७० वर येतो. म्हणजे प्रत्येक नवीन गिऱ्हाईक सरासरी आणखी एकदा आलं की तुमची बरोबरी. आणि सध्या येतंय चारातलं एक.

दुसरं, जाहिरात कशी चालवताय ते सांगितलं नाहीत पण माझा अंदाज आहे की पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबताय किंवा चार-पाच वेगवेगळे ॲड सेट, म्हणजे कोणाला दाखवायचं त्याचे गट, केलेत, मुंबई वेगळं, पुणे वेगळं, बायका वेगळ्या. मेटाची, म्हणजे इन्स्टा-फेसबुकवाल्या कंपनीची, सिस्टिम कोण विकत घेतं ते शिकायला एका ॲड सेटला आठवड्याला साधारण ५० खरेद्या लागतात, तुमच्याकडे सगळ्या मिळून महिन्याला ४१ आहेत, त्यात तुकडे केले तर कोणताच सेट कधी शिकणार नाही. एकच मोहीम, एकच सेट, उद्दिष्ट सेल्स. लाइक-कमेंटसाठी बूस्ट केलं की सिस्टिम लाइक करणारी माणसं शोधते, पैसे देणारी नाही.

आणि एक सावधगिरी, कोकमाच्या जाहिरातीत "पित्त बरं करतं", "वजन कमी होतं" असलं काही लिहू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत २०१८ चे, आणि मेटा पण अशा जाहिराती उडवतं. त्यापेक्षा आमसुलं वाळवतानाचं दाखवा. सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत बुडवायची, परत घालायची, हे शहरातल्या बहुतेकांनी कधी बघितलेलं नाही. माझ्या एका क्लायंटचं पापडाचं होतं, स्टुडिओत काढलेल्या फोटोंना कोणी विचारलं नाही आणि गच्चीवर आई पापड उलटतेय तो मोबाइलवरचा हलता व्हिडिओ चालला.

चाकरमानी_डोंबिवली

गाववाल्यांका सांगूकच व्हया म्हणून लिहितोय. मी मूळ कणकवली तालुक्यातला, पस्तीस वर्षं इथे.

वहिनी, तुम्ही जाहिरात कोणाला दाखवताय आणि कधी? आमच्यासारख्यांना एप्रिल-मेमध्ये दाखवून उपयोग नाही हो. आम्ही मे महिन्यात गावी जातो आणि येताना आगळाच्या बाटल्या जुन्या साडीत गुंडाळून ट्रेनमधून आणतो, गणपतीला गेलो की परत आणतो. आमचं संपतं दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासे जोरात, सोलकढी रोजची, आणि बाटलीच्या तळाला चमचाभर आगळ उरलेलं, तेव्हा बायको विचारते आता गावाकडून कोण येतंय. तेव्हा आम्हाला दिसा तुम्ही. दुकानातलं घेतो तेव्हा पण नाक मुरडूनच, एक तर मीठ जास्त नाहीतर पाणी.

उन्हाळ्यात तुमचं गिऱ्हाईक आम्ही नाही, नागपूर, अकोला, संभाजीनगर, सोलापूर ते. त्यांना आगळ म्हटलं तर कळणार पण नाही, ते मिठाचं असतं हे माहीत नसतं, सरबत म्हणून साखर न घालता पितात आणि शिव्या घालतात. त्यांना अमृत कोकम दाखवा, आणि बाटलीवर एका ग्लासला किती घालायचं ते मोठ्या अक्षरात लिहा.

पार्सलपेटी

कुरिअर ९५ लिहिलंय ते जास्त वाटतंय. बॉक्सचं माप काय आहे? कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये करून ५००० ने भागतात आणि जे वजन जास्त येईल ते लावतात. बरेच जण सगळ्या ऑर्डरींना एकच ३० बाय २० बाय १५ चा बॉक्स वापरतात, त्याचं १.८ किलो होतं, आत माल एक किलोचा का असेना. दोन बाटल्यांना २४ बाय १६ बाय १० पुरतो, त्याचं पाऊण किलो येतं, मग प्रत्यक्ष वजनच लागतं.

सीओडी (कॅश ऑन डिलिव्हरी) बंद करू नका एकदम, नवीन माणसाचा विश्वास नसतो. पण ऑनलाइन पैसे भरले तर ४० रुपये कमी असं ठेवा, आणि सीओडीची ऑर्डर आली की पॅक करायच्या आधी स्वतः फोन करा. मी मेसेज नाही म्हणत, फोन. ज्याने फोन उचलला नाही त्याचं पार्सल निघायचंच नाही. आमच्याकडे निम्म्याहून जास्त परती ह्याने थांबल्या.

मोठ्या साइटबद्दल, मी दोन वर्षं विकलंय तिथे. आमसुलं लावा, हलकी आहेत, फुटत नाहीत, लोक नावाने शोधतात. आगळ लावू नका. कमिशन, शिपिंग, वर त्यांच्याच साइटवरची जाहिरात असं करून जड बाटलीत काही सुटत नाही, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकाचा नंबर तुमच्याकडे येत नाही, म्हणजे बाटली संपली की त्याला आठवण कोण करणार? टीसीएस-टीडीएस म्हणजे साइटवाले आधीच कर कापतात त्याची काळजी नको, ते छोटं आहे आणि परत मिळतं.

हिशेबनीस_पुणे

पार्सलपेटी म्हणतात ते नंबराचं लाखमोलाचं आहे. ताई, १३८ जण परत आले नाहीत, त्यांचे नंबर तुमच्याकडे आहेत. ही माणसं आणायला पैसे आधीच गेलेत. एक महिना जाहिरात थांबवा आणि ह्या सगळ्यांना स्वतः व्हॉट्सॲप करा. ब्रॉडकास्ट नको, तो ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच जातो, आणि ह्यांनी केलेला नसणार. एकेकाला नाव घालून, रोज पंधराच्या वर नाही, नाहीतर नंबर ब्लॉक व्हायची भीती. आणि विकायला जाऊ नका लगेच, कसं वाटलं होतं एवढंच विचारा.

कोकमवाली_कुडाळ

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲड सेट खरंच चार होते. बॉक्स पण तोच, ३० बाय २० बाय १५ चा. एजन्सीला आत्ता नाही म्हणून कळवलं. उद्यापासून मेसेज सुरू करते, काय होतं ते इथे येऊन सांगेन.

कोकमवाली_कुडाळ (तीन आठवड्यांनी)

सांगायला आले.

१३८ जणांना मेसेज केले, रोज रात्री जेवणं आटपली की ओट्यावर बसून पंधरा. ६१ जणांनी उत्तर दिलं. २३ जणांनी पुन्हा ऑर्डर दिली, त्यातल्या १९ नी आधी पैसे भरून. एक पैसा जाहिरातीला गेला नाही.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. उत्तर दिलेल्यांपैकी १७ जणांनी लिहिलं की बाटली गळलेली मिळाली होती. एका ताईंनी तेव्हाचा फोटो अजून ठेवला होता तो पाठवला, पुठ्ठ्याचा बॉक्स अर्धा लालभडक झालेला आणि आतलं कुळथाचं पीठ ओलं होऊन गोळा. मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, तुम्ही लांब गावातल्या, कशाला त्रास द्यायचा. फार वाईट वाटलं मला. कोणी तक्रार केली नाही म्हणून मी समजत होते सगळं नीट पोचतंय, आणि एजन्सी म्हणत होती बजेट कमी आहे.

मग बाटल्या घेऊन बसलो आम्ही. सासूबाईंनी सुचवलं, बारा बाटल्या भरून झाकणं लावून वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवल्या. सकाळी पाच बाटल्यांखाली लाल वर्तुळं. गेल्या वर्षी बाटलीमागे दीड रुपया वाचतो म्हणून दुसऱ्याकडून झाकणं घेतली होती, त्यांची आतली चकती पातळ आहे. आता झाकणं बदललीत, तोंडाला सील लावायचं हातातलं मशीन घेतलं, आणि प्रत्येक बाटली रात्रभर उलटी ठेवल्याशिवाय पॅक होत नाही. १७ जणांना नवीन बाटली फुकट पाठवली, त्यातल्या सहा जणांनी सोबत आमसुलं पण मागवली.

जाहिरात पुढच्या आठवड्यात परत सुरू करतेय, रोज १५० ची, एकच सेट. त्यात फक्त आमसुलं, अंगणात सासूबाई सालं उलटतायत तो व्हिडिओ. आगळाची जाहिरात दिवाळी झाल्यावर, मुंबई-ठाण्यालाच. बॉक्स छोटा केल्यावर कुरिअर ९५ चं ७२ वर आलंय, म्हणजे टेबलावरच्या कागदावर आता १७२ खोडून १९५ लिहिलंय.

चाकरमानी_डोंबिवली

वहिनी, दोन बाटल्या माझ्या नावावर ठेवा, पैसे आधी पाठवतो. घरातली कालच संपली.