बायपासनंतर स्पायरोमीटरचा दुसरा बॉल वर जात नाही

प्रश्न: वडिलांच्या बायपासला ९ दिवस झाले. तीन बॉलच्या स्पायरोमीटरमध्ये (नळीतून श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं व्यायामाचं उपकरण) पहिला बॉल वर जातो, दुसरा अर्ध्यावरून पडतो. ऑपरेशनआधी तिन्ही जायचे. एक्स-रेमध्ये डाव्या फुप्फुसाचा तळ आकसलेला, थोडं पाणीही आहे. ऑक्सिजन ९५. जोर लावून ओढायला सांगू का?

उत्तर १: नको. बॉलवरचे ६००, ९००, १२०० हे आकडे वेगाचे आहेत, सेकंदाला किती मिली हवा ओढली त्याचे. झटक्यात ओढलं तर तिसराही क्षणभर उडेल, पण तळातले मिटलेले वायुकोश उघडणार नाहीत. त्यासाठी सावकाश, लांब श्वास हवा. खुर्चीत ताठ बसवा. आधी श्वास सोडायचा, मग नळी ओठांत घट्ट धरून पहिला बॉल तरंगत राहील इतकंच ओढत राहायचं. छाती भरली की ३ ते ५ सेकंद रोखायचं, नळी काढून सोडायचं. जागेपणी दर तासाला असे १० श्वास, मध्ये थांबत; सलग केले की चक्कर येते. नळीत फुंकत नाहीत ना, तेही बघा. ही चूक फार होते.

उत्तर २: आधीच्या आकड्यांशी आत्ता तुलना करू नका. छातीचं हाड कापल्यावर पहिल्या काही दिवसांत श्वासाची क्षमता जवळपास निम्म्यावर येते आणि भरून यायला कित्येक आठवडे लागतात. डावं फुप्फुस जास्त आकसतं, कारण बायपास जोडायला छातीच्या आतली धमनी बहुतेक वेळा डावीकडूनच काढतात. कधी छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याची नसही काही काळ सुस्तावते.
स्पायरोमीटरनंतर कफ काढायलाच हवा. उशी छातीच्या टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबायची, आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून दोन-तीनदा ‘हा’ करायचं, मग एकदा खोकायचं.

प्रश्नकर्ता: खोकताना दुखतं, पण सवय लागेल म्हणून ते गोळी टाळतात.

उत्तर २: पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. लिहून दिलेली गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दुखतं म्हणून श्वास उथळ राहिला की तळ पुन्हा मिटतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मात्र मनाने देऊ नका, बायपासनंतर ती धोक्याची आहेत.

उत्तर ३: आडवं झाल्यावर किंवा बसल्या जागी धाप, १००.४ च्या वर ताप, पिवळा-हिरवा कफ, ऑक्सिजन ९२ च्या खाली, दोन-तीन दिवसांत २ किलो वजन वाढणं, खोकताना हाडात ‘कट्’ आवाज: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. बसल्या जागी धाप वाढतच असेल तर थेट इमर्जन्सीत न्या.