विषय: सहीआधी ऑफर लेटरमधलं लवादाचं कलम

मंडळी, नमस्कार.
कॅलिफोर्नियातली नोकरी, एच-१बी व्हिसा. ऑफर लेटरसोबत ‘म्युच्युअल आर्बिट्रेशन अ‍ॅग्रीमेंट’ जोडलंय. एचआरचं म्हणणं, सगळेच सही करतात. यात नेमकं काय तपासायचं?

---
उत्तर:

ताई, सगळेच करतात हे खरं, पण वाचत कोणी नाही. सही झाली की नोकरीतला वाद ज्यूरीपुढे जात नाही, खासगी लवादाकडे जातो. त्याचा निवाडा फिरवणं महाकठीण. १९२५च्या फेडरल आर्बिट्रेशन अ‍ॅक्टखाली लबाडी, उघड पक्षपात, अधिकार ओलांडणं अशी मोजकीच कारणं चालतात, तीही ३ महिन्यांच्या आत मांडली तर. लवादाने कायदा चुकीचा लावला, एवढ्यावर काही होत नाही.

सगळ्यात आधी ‘ऑप्ट-आउट’, म्हणजे लवादाला नकार कळवून त्यातून बाहेर पडायची सोय, शोधा. बऱ्याच करारांत ३० दिवसांची मुदत असते. ती सहीपासून धरायची की रुजू झाल्यापासून, हे बघा. नकार त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर, सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा आणि पोच जपून ठेवा. मॅनेजरला तोंडी सांगून भागत नाही.

मग ‘क्लास वेव्हर’. तो असेल तर सहकाऱ्यांसोबत सामूहिक दावा बंद. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या एपिक सिस्टिम्स निकालापासून तो वैध आहे. थकलेल्या ओव्हरटाइमसारख्या छोट्या रकमेसाठी एकट्याचं प्रकरण वकील सहसा घेत नाहीत, खरी मेख तिथे आहे.

‘म्युच्युअल’ या शब्दावर जाऊ नका. कंपनीने स्वतःच्या गुपितांसाठी कोर्टातून मनाईहुकूम आणायची वाट उघडी ठेवलीय का, ते पाहा. लवादाची फी निम्मी-निम्मी लिहिली असेल तर हरकत घ्या. कॅलिफोर्नियात अशा सक्तीच्या करारात ती कंपनीने भरायची असते. सुनावणी दुसऱ्या राज्यात ठेवली असेल तर कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातल्या कलम ९२५चा (लेबर कोड ९२५) हवाला द्या. मात्र तुमच्या वकिलाने तुमच्या वतीने करारातल्या सुनावणीच्या जागेवर वाटाघाट केली असेल, तर ते संरक्षण जातं.

---
उत्तर:

वरच्यात थोडी भर. लवाद मान्य केला तरी ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी केंद्रीय संस्था) तक्रारीची वाट बंद होत नाही; मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस. लैंगिक छळाच्या प्रकरणात मार्च २०२२च्या कायद्यामुळे आधी सही केलेली असली तरी कोर्ट निवडता येतं.

एच-१बीवाल्यांनी परतफेडीचं कलम वेगळं वाचावं. लवकर नोकरी सोडली म्हणून कंपनी दंड घेऊ शकत नाही, अर्जाची फी किंवा त्यासाठीच्या वकिलाचा खर्चही वसूल करू शकत नाही. करारात आधीच ठरवलेली नुकसानभरपाई (‘लिक्विडेटेड डॅमेजेस’) मात्र राज्याच्या कायद्यात बसली तर चालतात, म्हणून शब्द नीट बघा. जॉइनिंग बोनस परत मागणार असतील तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात की पूर्ण? आणि कर कापून हातात आलेली रक्कम की कापण्याआधीची? दुसरं असेल तर न मिळालेले पैसेही परत करावे लागतात.

शेवटच्या पानावर ‘हाच संपूर्ण करार’ असं वाक्य असतं, म्हणजे बाहेर तोंडी दिलेल्या शब्दावर विसंबता येत नाही. रिक्रूटरने फोनवर ग्रीन कार्डचा शब्द दिला असेल, तर तो सहीआधी ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या.